ध्वनीचा धडा गाडीत बसून

प्रतिध्वनी म्हटलं की आपण शिक्षक डोंगर, दरी आणि १७ मीटरचं गणित सांगून मोकळे होतो. मुलं रोज ज्या गाडीत बसतात तिच्याकडे मात्र लक्ष जात नाही. माझ्या मते खरी प्रयोगशाळा तीच.

बघा, हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे ५० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी जवळपास ७ मीटर. गाडीची आतली लांबी जेमतेम अडीच-तीन मीटर! अख्खी लाट मावतच नाही. आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम कमी-जास्त होतो. म्हणून छोटा स्पीकरही गाडीत धमधम वाजतो. काचा उंच स्वर परत फेकतात, सीट ते शोषतात. शिवाय आपल्याकडे चालक उजवीकडे. उजवा स्पीकर अर्धा मीटर जवळ असेल, तर त्याचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि गाणं उजवीकडे ओढल्यासारखं वाटतं. चांगली यंत्रणा त्या स्पीकरला तेवढा उशीर मुद्दाम लावते. नववीच्या मुलाला हा साधा भागाकार आहे.

आणि पालकहो, शाळेच्या व्हॅनमध्ये एकदा आत बसून गाणी ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या हेडफोनसाठी ७५ डेसिबेल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सुचवली आहे. कान तोच, म्हणून व्हॅनलाही लावून बघू. दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा. ९० डेसिबेलला उरतो सव्वा तास. जाऊन-येऊन रोज चाळीस मिनिटं धरली तर दोन दिवसांत संपला. व्हॅनवाल्या काकांना हे गणित मुलांनाच समजावून सांगू द्या.