जुन्या आरामखुर्चीस नवी बैठक

मुलुंड-बोरिवलीकडील जुन्या इमारती पाडून नवीं घरें होऊं लागलीं, तशा सागवानी आरामखुर्च्या ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजाराकडे निघाल्या. नव्या जागेंत वृद्धांना ओळखीची तेवढीच बैठक उरते. ती मोडींत काढण्यापूर्वी सांगाडा हलवून पाहावा, असें आम्ही भगिनींना सुचवितों. सांधे घट्ट असल्यास बाकीचें घरींच होतें. जुनें कापड फाडूं नये, उसवावें; नव्याच्या बेतणीस तेंच माप. ढेकणांसाठीं सांधा न् सांधा तपासावा. नवार ताणून, आडवीउभी विणून ठोकावी. ती सैल राहिली कीं वरचें सारें व्यर्थ! तीवर काथ्या, मग कापसाचा पातळ थर. नुसता कापूस मुंबईच्या दमट हवेंत दबतो, त्याच्या गुठळ्या होतात. वर जाड खादी. चुका मध्यापासून कोपऱ्यांकडे माराव्या, म्हणजे चुण्या पडत नाहींत. अंग विरलें तरी इरकली लुगड्याचा काठ टिकतो; तो हातांवर बसविलेला आम्हांला फार आवडतो.