तीन गोळ्यांचा पुरावा

अमेरिकेत नेमबाजीच्या छंदात मुरलेली कित्येक माणसे आपल्या रायफलीची काडतुसे घरीच भरतात. उडवलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिच्यात नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची, असा हा उद्योग. दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या सराफाची एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. आणि ही मंडळी ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत हिशेब ठेवतात. आपल्याकडे या छंदाला फारसा वाव नाही, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. तरीही प्रशासनात काम करणाऱ्याने या छंदाकडे थोडे लक्ष द्यावे असे मला वाटते. किती पुराव्यावर किती ठाम निर्णय घ्यावा, हा आपला रोजचा प्रश्न तिथे लक्ष्याच्या कागदावर उघडा पडलेला दिसतो.

प्रत्येक रायफलीची नळी वेगळी, म्हणून तिला मानवणारे काडतूस शोधावे लागते. रूढ पद्धत अशी, की सुरक्षित मर्यादेत दारूची दहा प्रमाणे ठरवायची, प्रत्येक प्रमाणाची तीन काडतुसे भरायची आणि ती शंभर यार्डांवरच्या लक्ष्यावर झाडायची. ज्या प्रमाणाच्या तीन छिद्रांचा घोळका सर्वांत लहान, ते प्रमाण उत्तम. वहीत त्याची नोंद होते आणि शोध संपतो. वरवर पाहता पद्धत शास्त्रशुद्ध वाटते.

दोष आहे तो तीन या आकड्यात. दहाही गटांत अगदी एकाच प्रमाणाची काडतुसे भरली, तरी दहा घोळके सारखे येणार नाहीत. केवळ योगायोगाने त्यांतील सर्वांत मोठा घोळका सर्वांत लहानाच्या दुप्पट-तिप्पट सहज भरतो. शिवाय त्याच काडतुसाच्या तीन गोळ्यांचा घोळका दहा गोळ्यांच्या घोळक्याच्या सरासरी दोन-तृतीयांशाहूनही लहान असतो, कारण दूर जाणाऱ्या गोळीला अजून संधीच मिळालेली नसते. म्हणजे दहांतून 'विजेता' निवडताना नेमबाजाने बहुधा योगायोगालाच बक्षीस दिलेले असते. पुढच्या आठवड्यात तेच प्रमाण साधारण निघाले, की तो वाऱ्याला किंवा हवामानाला दोष देतो.

त्यात आणखी एक सवय भर घालते. दोन गोळ्या शेजारी आणि तिसरी लांब गेली, तर नेमबाज म्हणतो, ती माझ्या हाताची चूक होती, ती धरू नका. एखादे वेळी ते खरेही असेल. पण गोळी सुटल्याबरोबर, लक्ष्याकडे पाहण्याआधी, त्याने चूक सांगितली असेल तरच ती वगळावी. निकाल पाहून केलेली वगळणी म्हणजे पुराव्याची काटछाट होय.

वरच्या पातळीवरचे नेमबाज या मोहात सहसा पडत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले. तिथे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. या प्रकारातील .२२ चे काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. म्हणून या पातळीवर कारखान्यातल्या एकेका उत्पादन-गटाची काडतुसे आपल्या नळीतून झाडून पारखतात आणि मग त्याच गटाचा साठा घेतात. ही पारख तीन गोळ्यांवर होत नाही.

आता आपल्या शेतशिवाराकडे येऊ. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ पासून लागू आहे. विमा क्षेत्रातील सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले, की त्या प्रमाणात भरपाई मिळते. सरासरी ठरते पीक कापणी प्रयोगांवरून. आणि योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमुख पिकांसाठी गाव किंवा ग्रामपंचायत या घटकात किमान चार प्रयोग सांगितले. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपात भरपाईचे इतर राज्यस्तरीय निकष बाजूला सारून पीक कापणी प्रयोगांवर मुख्य भिस्त ठेवली. म्हणजे या प्रयोगांचे ओझे वाढले आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे, गावाचे खरे सरासरी उत्पादन साडेआठ आहे, आणि शेताशेतातील तफावत, म्हणजे प्रमाण विचलन, सरासरीच्या ३० टक्के आहे. चार प्रयोगांच्या सरासरीत १५ टक्क्यांची प्रमाण चूक राहते. मग अशा दर आठ गावांपैकी साधारण एका गावात प्रयोगांची सरासरी १० किंवा त्याहून अधिक येईल आणि त्या गावाला एक पैसाही मिळणार नाही. यात कोणी लबाडी केलेली नसते. चार गोळ्यांचा घोळका तेवढा चुकलेला असतो. गावकऱ्यांना मात्र ते कारस्थान वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. याउलट काही गावांना हक्काहून अधिक मिळते. त्यांची तक्रार येत नाही एवढेच.

नुसती संख्या वाढवूनही भागत नाही. दुर्बीणच डावीकडे सरकलेली असेल तर शंभर गोळ्याही डावीकडेच जातील. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात नेमके हेच बजावले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकड्यांची कापणी करून अंदाज बांधत. तुकडा फार लहान असला की सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगते, हे सुखात्म्यांनी आकड्यांनिशी दाखवले. फुगलेले उत्पादन म्हणजे आजच्या योजनेत बुडालेली भरपाई. तेव्हा हा वाद केवळ पंडिती नव्हता, हे आता अधिक उमगते.

मग करावे काय? गावपातळीचा न्याय हवा असेल तर गावपातळीचा पुरावाही हवा. घटक लहान करायचा आणि प्रयोगही कमी करायचे, हे एकत्र जमणार नाही. प्रयोगांना तलाठी आणि कृषी सहायक यांचे दिवस लागतात, ते मोजकेच असतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर मार्ग आहेत. उपग्रहाच्या आधारे केलेला अंदाज प्रयोगांच्या जोडीला घेता येतो. भात आणि गहू यांसाठी तशी सुरुवात २०२३ पासून झाली आहे. दुसरे, सरासरीच्या शेजारी तिची संभाव्य चूकही छापावी, आणि निकाल उंबरठ्याच्या निसटता वर असेल तर भरपाई एकदम शून्य न करता उतरत्या प्रमाणात द्यावी. तिसरे, कोणता प्रयोग कोणत्या कारणाने बाद होईल हे कापणीपूर्वीच ठरावे. निकाल कळल्यावर विमा कंपनीने वा गावाने घेतलेली हरकत ही त्या नेमबाजाच्या 'हाताच्या चुकी'सारखीच मानावी.

हेच पथदर्शी प्रकल्पांनाही लागू आहे. दहा तालुक्यांत योजना राबवायची, एका हंगामानंतर पहिल्या आलेल्या तालुक्याचे 'प्रारूप' राज्यभर न्यायचे आणि पुढे ते का फसले यावर समिती नेमायची, ही आपली जुनी रीत. पहिल्या आलेल्या तालुक्याला आणखी दोन हंगाम देऊन पाहावे. तो तेव्हाही पहिला आला, तर खुशाल अनुकरण करावे. नेमबाजाचा तर्क चुकला तर एक स्पर्धा हातची जाते. आपला चुकला तर एखाद्या गावाचा हंगाम जातो, आणि ते गाव पुढच्या वर्षी विम्याचा अर्ज भरायला येत नाही.