काचेची नळी दाखवायची कुणी?

साप चावलेल्या रुग्णाला एएसव्ही (सापाच्या विषावरचे औषध) सुरू करण्याआधी हातावर टेस्ट टोचून थांबणारी सिस्टर मला आजही दिसते. संताप येतो, पण तिचा नाही. या टेस्टवरून रिॲक्शनचा अंदाज येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने आणि आपल्याच सरकारने कधीच लिहून ठेवले आहे. रिॲक्शन कुणालाही येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन भरून उशाशी ठेवायचे. हे तिला सांगितले कुणी? प्रशिक्षण म्हणून सभागृहात दिवसभर स्लाइड दाखवल्या, जेवण दिले, सही घेतली. कागदोपत्री ती प्रशिक्षित झाली!

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात पाऊस पडला की उसात आणि भातखाचरात घोणस, नाग, मण्यार, फुरसे यांच्याशी गाठ ठरलेली. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला लॅब लागत नाही. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलि रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच कलती करून बघायची. एका वॉर्डात मी हीच तपासणी प्लास्टिकच्या नळीत होताना पाहिली. पाचव्या मिनिटाला नळी हलवूनही झाली. प्लास्टिकमध्ये चांगले रक्तही गोठत नाही असे वाटू शकते. नव्या मुलीने विचारले, "काचेची नको का?" इन्चार्ज म्हणाल्या, "आपल्याकडे असंच करतात." मुलगी गप्प झाली. या एका वाक्याने रुग्ण दगावतात.

ज्ञान परदेशातून आणायचे नाही. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते, हे डॉ. हिंमतराव बावसकरांनी महाडसारख्या गावात, खाटेशेजारी नोंदी ठेवून सिद्ध केले. सर्पदंशावर डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत इथेच, नारायणगावात वर्षानुवर्षे काम करताहेत. तरी रात्री दोन वाजता एकट्या सिस्टरशेजारी उभे राहून "थांब, नळी हलवू नकोस" म्हणणारे कुणी नाही.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला मान्य नाही. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणू, असे २०२४च्या राष्ट्रीय आराखड्यात लिहिताना ते ठाऊक नव्हते का? मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव इथे निदान पावसाळ्यात नाइटला शिकवणारी एक अनुभवी परिचारिका नेमा. तिच्या गळ्यात वॉर्डचा चार्ज आणि रजिस्टरे अडकवू नका. आणि डॉक्टरांनी सवयीने टेस्ट लिहिली, तर "सर, कशासाठी?" असे विचारायचा तिचा अधिकार नेमणुकीच्या आदेशातच लिहून द्या.