वाचेचे जनुक, वाचनाची जनुके

ऑक्टोबर २००१ मध्ये ‘भाषेचे जनुक सापडले’ अशा आशयाचे मथळे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्यांना निमित्त होते ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला ब्रिटिश संशोधकांचा शोधनिबंध. संशोधन अव्वल दर्जाचे होते. मथळा मात्र मूळ निबंधाच्या पुष्कळ पुढे गेला होता. त्यातून बळावलेली ‘एक दोष, एक जनुक’ ही समजूत अद्याप ओसरलेली नाही. वाचनात अडखळणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ती दिशाभूल करणारीच आहे.

संशोधकांच्या भाषेत ‘केई’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या लंडनमधील एका कुटुंबात, तीन पिढ्यांतील जवळपास निम्म्या व्यक्तींना जन्मापासून स्पष्ट बोलता येत नव्हते. ओठ, जीभ आणि जबडा यांच्या हालचाली योग्य क्रमाने होत नसत. लेखन आणि शब्दांची जुळणी यांतही अडचणी होत्या. व्याकरणाचे नियम आत्मसात करण्याची क्षमताच येथे हरवली आहे, असे मत १९९० मध्ये मांडले गेले. पुढील तपासण्यांत ते टिकले नाही. दोष त्याहून व्यापक होता आणि त्याचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील ‘फॉक्सपी-२’ या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलात होते. त्यामुळे प्रथिनातील ५५३ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल येत होते. या कुटुंबाशी नाते नसलेल्या एका मुलाचे हेच जनुक गुणसूत्र तुटल्याने बिघडलेले आढळले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. परंतु ‘फॉक्सपी-२’ भाषा निर्माण करीत नाही. ते इतर अनेक जनुकांचे कार्य सुरू किंवा बंद करणारे नियामक आहे, आणि उंदीर व पक्षी यांच्यातही ते असते.

वाचादोषाच्या क्षेत्रात या शोधाने खरोखरच दार उघडले. मुलाला काय बोलायचे आहे हे ठाऊक असते, पण मेंदूकडून तोंडाच्या स्नायूंना जाणारा आराखडा विस्कळीत होतो, अशा तीव्र विकाराला ‘अॅप्रॅक्सिया’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा ३४ मुलांची जनुकीय तपासणी करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ११ मुलांत, म्हणजे सुमारे एक तृतीयांश मुलांत, निश्चित कारण सापडले. त्यातील बहुतेक बदल आईवडिलांकडून आलेले नव्हते; मुलातच नव्याने उद्भवले होते. गरोदरपणी काय चुकले, या प्रश्नाने पोळणाऱ्या मातेसाठी हे उत्तर लहान नाही. अशा मुलांची जनुकीय तपासणी करणे आज सर्वार्थाने योग्य ठरते.

वाचन-अक्षमतेची, अर्थात डिस्लेक्सियाची, गोष्ट निराळी आहे. हुशार असूनही वाचू न शकणाऱ्या एका मुलाचे वर्णन ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये केले होते. हा दोष घराण्यात चालतो, हेही लवकरच ध्यानात आले. मग जनुकाचा शोध सुरू झाला. पंधराव्या आणि सहाव्या गुणसूत्रांवरील काही जनुकांची नावे गाजली, पण मोठ्या पाहणीत त्यांचा प्रभाव फिका पडला. यात नवल नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीची; वाचनासाठी स्वतंत्र जनुक घडण्यास उत्क्रांतीला सवडच मिळालेली नाही.

२०२२ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने चित्र स्पष्ट केले. डिस्लेक्सियाचे निदान झाल्याचे स्वतः सांगणाऱ्या ५१ हजार ८०० प्रौढांची तुलना दहा लाखांहून अधिक इतरांशी केली गेली. संबंध आढळला तो जनुकसंचातील ४२ स्थानांशी, प्रत्येकाचा वाटा अत्यल्प. सर्व गुणांची बेरीज करूनही वाचनक्षमतेतील फरकाचा फार तर सहा टक्के भाग स्पष्ट झाला. शिवाय मुख्य पाहणी युरोपीय वंशाच्या लोकांपुरती होती. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ बसत नाही. फिनिश वा इटालियनसारख्या नियमित लिपींत हाच दोष चुकांपेक्षा संथ वाचनातून अधिक दिसतो. वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरे ओलांडत जाणारे मराठी मूल त्या सहा टक्क्यांत कोठे बसेल, हे गुणांकावरून सांगता येणार नाही. म्हणूनच लाळेच्या नमुन्यावरून मुलाचे वाचन वर्तविण्याचा दावा कोणी केला, तर पालकांनी पैसे आणि वेळ दोन्ही वाचवावेत.

त्याहून उपयुक्त साधन फुकट उपलब्ध आहे. आईवडील वा भावंडांत डिस्लेक्सिया असलेल्या मुलांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मुलांपैकी सरासरी ४५ टक्के मुलांना पुढे हाच त्रास होतो, असे त्यात दिसले. घराचा इतिहास आजच्या कोणत्याही गुणांकाहून अधिक बोलका आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले आणि ती ‘लवकरात लवकर’ ओळखण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर सोपविले. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ वर्षे ठरविले. निदानाच्या दृष्टीने ते समजण्याजोगे आहे, कारण त्याआधी वाचन पुरते शिकवलेलेच नसते. पण मदत प्रमाणपत्राला बांधली गेली, की मुलाची पहिली दोन-तीन वर्षे ‘आळशी’ या शिक्क्याखाली जातात.

‘घरात कोणाला वाचायला शिकताना त्रास झाला होता काय?’ हा प्रश्न बालवाडीतच पालकांना विचारता येईल आणि उत्तर होकारार्थी आल्यास ध्वनी व अक्षरे यांच्या सरावाकडे तेव्हापासूनच अधिक लक्ष देता येईल. अर्थात, तो प्रवेश निश्चित झाल्यानंतरच विचारला गेला पाहिजे. अन्यथा मूल नाकारण्यासाठी शाळांच्या हाती आणखी एक कारण येईल.