विहिरीची वही आणि परदेशातील परिषद

आपल्या घरातील मुलामुलींनी सी. ए. व्हावे, पेढी सांभाळावी, फार तर वैद्यकाकडे वळावे, ही आपली रुळलेली वाट. अशा घरातील एखादी मुलगी भूजलशास्त्र शिकते आणि एके दिवशी आपला निबंध आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारला गेल्याचे सांगते. वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो, दुसरा जेवणाचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ती तेथे काय घेऊन जाणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

भूजलशास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ १९५६ मध्ये स्थापन झाला. त्याचे अधिवेशन २०२३ मध्ये केप टाउनला आणि २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोसला भरले. दोन्ही सप्टेंबरातली, म्हणजे दशलक्षण पर्वाच्या दिवसांतली. तेव्हा सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची चिंता आईने करावी हे स्वाभाविकच. कोरडा शिधा बरोबर न्यावा, हा उपाय आपल्या व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच शोधलेला आहे. नवोदितांना नोंदणीशुल्कात सवलत मिळते. आपल्या समाजाच्या शिष्यवृत्त्या बहुधा अभियांत्रिकी आणि वैद्यकावरच का थांबतात, याचा विचार विश्वस्तांनी एकदा करावा. शिवाय परिषद दरवेळी सातासमुद्रापारच असते असे नाही. डिसेंबर २०१२ मध्ये औरंगाबादला आंतरराष्ट्रीय भूजल परिषद झाली. तिचा विषयच कठीण खडकातील, विशेषतः बसाल्टमधील पाणी हा होता.

नवोदिताला तेथे बहुधा व्यासपीठ मिळत नाही. मिळतो एक भित्तिफलक. आपल्या अभ्यासाचा मोठा छापील तक्ता टांगून त्याशेजारी उभे राहायचे. ज्यांची पुस्तके वाचून परीक्षा दिल्या ती माणसे समोरून जातात, एखादा थांबतो आणि विचारतो, ‘ही पातळी तुम्ही कोठे मोजलीत? किती वर्षे?’ साऱ्या प्रवासाचे मोल या दोन प्रश्नांत आहे, आणि त्यांचे उत्तर परदेशात तयार होत नाही.

ते अनसिंगसारख्या गावात तयार होते. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. येथे पडलेला पाऊस एकीकडे पैनगंगेतून गोदावरीला आणि दुसरीकडे काटेपूर्णेतून तापीच्या खोऱ्यात जातो. वरून वाहत येणारे पाणी फारसे नाही. जे आहे ते बहुतेक आपल्याच पावसाचे. खाली आहे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा खडक. त्याच्या मुरुमात, मांजऱ्या थरात आणि भेगांत पाणी राहते. मधल्या अखंड काळ्या पाषाणात जवळजवळ नाहीच. म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागते आणि धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याची बोअर कोरडी जाते. सोयाबीन पावसावर निघते, परंतु रब्बीचा हरभरा आणि गहू या भेगांतल्या शिलकेवर उभे असतात. आणि आपली आडत, आपली उधारी त्या पिकांवर.

ही शिल्लक आकाशातून मोजता येईल, असे पुष्कळांना वाटते. २००२ मध्ये सोडलेली ‘ग्रेस’ ही उपग्रहांची जोडी गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकावरून पाण्याची घटवाढ सांगत असे. उत्तर भारतातील भूजल खालावत असल्याचे त्यावरूनही जगाला दिसून आले. परंतु त्या नजरेला काही शे किलोमीटरचा प्रदेश एका ठिपक्यासारखा दिसतो. त्यात अवघा वऱ्हाड मावतो. अनसिंग दिसत नाही. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, मात्र प्रत्येक गावात तिची विहीर असेलच असे नाही. जेथे खडक पावलोपावली बदलतो, तेथे एका विहिरीच्या वीस वर्षांच्या अखंड नोंदीपुढे मोठमोठे संशोधक आदराने थांबतात.

अशी नोंद ठेवण्याचे वळण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. रोजमेळ आणि खतावणी आपण चुकवीत नाही. पाण्याशीही आपले नाते हिशेबाचेच होते. पाणी गाळल्यावर जीवाणी त्याच विहिरीत, त्याच पाण्यात हळुवार सोडायची, हा पाण्यातील त्रसजीवांविषयीचा आचार. तो पाळणाऱ्या घराला पाणी कोठले आणि पोहरा किती खोल जातो, हे रोज ठाऊक असे. बोअरमध्ये जीवाणी परत सोडता येत नाही आणि डोकावून पातळीही पाहता येत नाही. वाड्यातील आडांवर आता फरश्या बसू लागल्या आहेत. वरच्या थरातील पाणी डोळ्यांनी पाहण्याची ती एकमेव खिडकी होती. ती बुजली, की नव्या मुलीने मोजायचे काय?

यास लागणारे साहित्य किरकोळ आहे: वजन बांधलेली मोजफीत, एक वही, आणि विहिरीच्या काठावर रंगाने केलेली कायमची खूण, जिच्यापासून दरवेळी मोजायचे. उपसा सुरू होण्यापूर्वी, सकाळी मोजावे. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पहिली नोंद, मग जानेवारी, मार्च, आणि मे महिन्याच्या अखेरीस चौथी. शासनाची मोजणीही याच महिन्यांत होते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतील. यंदा दिवाळीत नव्या वह्या आणाल, तेव्हा एक या कामासाठी वेगळी काढावी आणि ती घरातील शाळकरी मुलांच्या हाती द्यावी.