दिल्ली–ताश्कंद : अंतर तेच, वाट दूरची

दिल्लीहून चेन्नई जवळ की ताश्कंद, असा प्रश्न शाळेतल्या मुलास घातला तर तो चेन्नई म्हणेल. बहुतेक वडीलधारी मंडळीही तेच म्हणतील. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून पाहिली तर मात्र चेन्नई सुमारे १,७५० किलोमीटर भरते आणि ताश्कंद सुमारे १,६००. विमानास ताश्कंद गाठण्यास तीनएक तास पुरत. पहलगामच्या हत्याकांडानंतर दोनच दिवसांनी, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले आणि हा हिशेब कोलमडला. इंडिगो कंपनीला ताश्कंद व अल्माटी या दोन्ही सेवा त्याच महिन्याच्या अखेरीस स्थगित कराव्या लागल्या.

वळसा घालून का जाऊ नये, असे कोणी विचारील. पश्चिमेकडून जावयाचे तर अरबी समुद्र, इराण, तुर्कमेनिस्तान अशी प्रदक्षिणा होते आणि ती त्या कंपनीच्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेरची. पूर्वेस तिबेट आहे. विमानातील हवेचा दाब अकस्मात घटला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटची जमीनच त्याहून उंच! नकाशावरील सरळ रेषा आणि वैमानिकाची वाट यांत असे अंतर असते.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्रास स्वतःच्या भूमीवरील आकाशाचे पूर्ण स्वामित्व दिले आहे. तेव्हा पाकिस्तानने काही अघटित केले, असे आम्ही म्हणणार नाही. १९७१ च्या फेब्रुवारीत, ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर, आपणही पाकिस्तानी विमानांची वाट अडविली होती. कराचीहून ढाक्यास जाणाऱ्यांना तेव्हा सिंहलद्वीपाचा फेरा पडला. ३० एप्रिल २०२५ रोजी भारतानेही आपले आकाश त्यांच्या विमानांस मिटले, ते योग्यच झाले.

आमचा प्रश्न निराळा आहे. हा भार कोणी सोसावयाचा? २०१९ साली असाच मार्ग बंद असता एअर इंडियाला जुलैच्या आरंभापर्यंत ४९१ कोटी रुपयांची खोट आली, असे संसदेत सांगण्यात आले. ती कंपनी तेव्हा सरकारी होती, म्हणजे खोट खजिन्याची. २०२२ पासून ती टाटांकडे आहे. आता खोट अखेर तिकिटावरच चढणार. पाकिस्तानची बंदी केवळ भारतीय विमानांपुरती असल्याने परदेशी कंपन्या जुन्याच जवळच्या वाटेने ये-जा करीत राहिल्या. प्रवासी त्यांच्याकडे वळला तर त्यास दोष कसा द्यावा? दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबली, तिच्या कारणांतही ही बंदी होतीच.

राष्ट्राच्या संरक्षणासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत राष्ट्राने वाटून घ्यावी. वैद्यकीय शिक्षणासाठी उझबेकिस्तानात गेलेल्या विद्यार्थ्याच्या बापाच्या खिशातून ती वसूल होऊ नये. अशा प्रसंगी वळशाच्या इंधनाचा किती वाटा सरकार उचलील, हे विमानवाहतूक खात्याने पुढील बंदीची वाट न पाहता ठरवून जाहीर करावे.