गंमत कोणाची?

वर्णद्वेष म्हटला की आपल्या तरुणांना १८९३ सालचे पीटरमॅरित्झबर्ग स्थानक आठवते. गोऱ्यांनी गांधीजींचा अपमान केला, एवढाच धडा आपण त्यांस शिकविला. तोच दोष आपल्या ठायीही असू शकतो, हे सांगायचे राहून गेले.

२९ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी निडो तानिया याच्या केसांची एका दुकानात टिंगल झाली. त्याने संतापून काच फोडली. त्याला मारहाण झाली व दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. तो आमदारपुत्र होता. सामान्य घरातला असता तर त्याचे नाव देशाला कळले असते का, अशी आम्हांस शंका आहे. त्यानंतरच्या बेझबरुआ समितीने कायद्यात सुधारणा सुचविल्या, तसेच ईशान्येचा इतिहास शाळा-महाविद्यालयांत शिकवावा असेही सुचविले.

आपले पुणेही यातून सुटलेले नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथे ईशान्येकडील विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि अनेकांनी भयाने गावची गाडी धरली.

'चिंकी' हा शब्द गमतीने वापरतो, असे आपली मुले सांगतात. ज्याला ते नाव पडले तोही हसतो, कारण न हसणारा चिडका ठरतो! भाड्याची खोली शोधताना 'तुम्ही भारतीयच ना?' हा प्रश्न त्याला पुन्हा ऐकावा लागतो. युवक मेळाव्यांत व्यसनांवर व करिअरवर व्याख्याने होतात. या विषयावर मात्र व्याख्यान नकोच. ईशान्येकडील दोघा-तिघांना आमंत्रण द्यावे, त्यांना मनमोकळे बोलू द्यावे, आणि 'आम्ही तसे नाही' असे म्हणत आपल्या मुलांनी त्यांस मध्येच तोडू नये.